गेनूतात्यांचा सेंटर

गेनूतात्या माणसाची उंची पेरांत मोजायचे. फूट-इंच ही भानगड त्यांना मान्य नव्हती. उसाला जशी पेरं असतात तशी माणसालाही असतात, असं त्यांचं मत होतं, आणि एकदा झालेलं मत बदलण्याची पद्धत त्यांच्या घराण्यात नव्हती. मी साखर कारखान्यात टाईम ऑफिसला कारकून म्हणून रुजू झालो, त्या दिवशी त्यांनी मला दारातच अडवलं, डोक्यापासून चपलेपर्यंत न्याहाळलं आणि शेजारच्या शिपायाला निकाल सांगितला, "आठ पेरं. त्यातली वरची दोन फिक्की."

उसाचा शेंडा गोड नसतो हे मला, नगर शहरातून आलेल्या माणसाला, ठाऊक नव्हतं. दुपारी कॅन्टीनमध्ये कुणीतरी ते समजावून सांगितलं तेव्हा मी चिडलो. पण तात्यांनी खुद्द चेअरमनसाहेबांना साडेसात पेरं दिली होती, वर "आन् मधी कीड" अशी पुस्ती जोडली होती, हे कळल्यावर माझं मन निवलं. तात्या स्वतः इतके बुटके होते की उसाच्या गाडीआड उभे राहिले तर नुसता आवाज यायचा. स्वतःची पेरं त्यांनी कधी कुणाला सांगितली नाहीत.

ते गव्हाणीवर मुकादम होते. गव्हाण म्हणजे गाड्यांतल्या उसाच्या मोळ्या जिथे यंत्राच्या पट्ट्यावर टाकतात ती जागा. तिथे खडखडाट एवढा, की शेजारचा शिंकला तरी कळत नाही. त्या खडखडाटात तात्या दिवसभर ओरडत असायचे. "ए, आडवी लाव! ए, दमानं! तुझ्या आयला, तिकडं न्हाई, हिकडं!" गाडीवाले आपल्या मनाने मोळ्या टाकायचे आणि आपल्या मनाने निघून जायचे. तात्यांचा हुकूम कुणी मानल्याचं मी कधी पाहिलं नाही. घरीही ऐकायला कुणी नव्हतं. बायको फार पूर्वी गेलेली, मूलबाळ नाही. कॉलनीतल्या क्वार्टरमध्ये ते एकटे राहायचे आणि रेडिओवर बातम्या सांगणाऱ्याला दटावायचे.

आता बास्केटबॉलकडे येतो. उसाच्या राज्यात हा खेळ आला तो आमच्या चीफ इंजिनिअरसाहेबांमुळे. ते पूर्वी लष्करात होते. त्यांनी साखरेच्या गोदामामागे दोन खांब रोवले, वर्कशॉपमधून लोखंडी कडी वाकवून आणली आणि कामगारांचा संघ उभा केला. मला त्याचा मॅनेजर केलं, कारण मी नगरचा. नगरला लष्कराच्या मैदानावर जवान हा खेळ खेळायचे आणि त्या मैदानावरून मी सायकलने पुष्कळदा गेलो होतो. एवढा अनुभव पंचक्रोशीत दुसऱ्या कुणाला नव्हता.

संघ दरवर्षी नगरच्या स्पर्धेत हरायचा. नगरजवळच्या नागापूरच्या एका कारखान्याकडे उंच सेंटर होता. सेंटर म्हणजे कड्याखाली राहून वरच्या वर चेंडू घेणारा मधला गडी. आमचा सेंटर लॅबमधला केमिस्ट होता. तात्यांच्या हिशेबाने नऊ पेरं, पण वाळकी.

सत्तर सालच्या हंगामात एका सकाळी गव्हाण एकाएकी बंद पडली. चीफसाहेब शिव्या देतच धावत आले. बघतात तो तात्यांनी स्वतः खटका ओढून पट्टा थांबवलेला आणि एका गाडीपुढे आ वासून उभे. गाडीपाशी एक पोरगा होता. तो वर चढला नव्हता. जमिनीवर उभा राहून गाडीच्या माथ्यावरच्या मोळ्या तो फळीवरचा डबा काढावा तशा उतरवत होता.

"चौदा पेरं!" तात्या ओरडले. यंत्र बंद असल्यामुळे या वेळी ते सगळ्यांना ऐकू आलं. "चौदा! आन् बुडख्यापासून शेंड्यापत्तुर गोड!"

पोराचं नाव सुखदेव. नदीकाठच्या एका वाडीतला, दुसऱ्याची गाडी हाकणारा, घरी म्हातारी आई. चीफसाहेब शिव्या विसरून त्याच्याकडे मान वर करून बघत राहिले आणि दुसऱ्याच दिवशी मी त्याचं नाव हंगामी कामगारांत चढवलं. चेअरमनसाहेबांनी शब्द दिला, "नागापूरला हरवा, पोरगं कायम करतो." कायम नोकरी म्हणजे क्वार्टर, पगार आणि आईला वाडीतून आणता येणं. सुखदेव रात्री झोपेत हसायचा म्हणे.

त्याने बास्केटबॉल जन्मात पाहिला नव्हता. पण याचा विचार करायला कुणाला सवड नव्हती. पोरगं उंच आहे म्हणजे जिंकणारच, असं अख्ख्या कारखान्याने ठरवून टाकलं. कॅन्टीनवाला त्याला दुप्पट भजी वाढू लागला आणि वर ऐकवू लागला, "नागापूरला हाणलं पाहिजे बरं का." भजनी मंडळाने त्याच्या नावाने नारळ ठेवला. कॉलनीतल्या बायका त्याला माळ्यावरची लोणच्याची बरणी काढायला बोलवायच्या आणि बरणी हातात आली की विचारायच्या, "कप कुठं ठेवणार रे, ऑफिसात का मंदिरात?" माझ्या बायकोनेही विचारलं. पोरगं लाजून मान खाली घालायचं आणि जाताना चौकटीला कपाळ आपटायचं.

तात्यांनी त्याला आपल्या क्वार्टरमध्ये ठेवून घेतलं. तो मावेना म्हणून त्याच्या खाटेच्या पायथ्याशी उसाच्या मोळ्या रचल्या. दूध, बदाम, खारका, तूप असा पैलवानाचा खुराक सुरू केला. सकाळी त्याच्या पाठीला तेल चोळायचं, तर ते स्टुलावर उभे राहून चोळायचे. "खाली बस की म्हणावं त्याला," मी एकदा म्हणालो. तात्यांनी मला झटकून टाकलं. "बसून तेल लावल्यावर वाढ बसती, भाऊसाहेब. तुमाला लावलं असंल."

सरावाला पहिले काही दिवस सुखदेवचा चेंडू कड्यामागच्या फळीवरून पलीकडे गोदामाच्या पत्र्यावर जायचा. चीफसाहेब इंग्रजीत समजवायचे, मग हिंदीत, मग डोक्याला हात लावून बसायचे. शेवटी तात्या मैदानात घुसले. "ए, त्यो बॉल न्हाई, मोळी हाय. आन् ते कडं न्हाई, गव्हान हाय. सोड आता." सुखदेवने चेंडू सोडला. कड्यातून आरपार गेला. त्याने आणखी एक सोडला, तोही गेला. सगळे टाळ्या वाजवत होते. तात्यांनी मात्र टाळी वाजवली नाही. सांगितलेलं कुणीतरी केलं, हे बघून ते गोंधळून गेले होते. त्या दिवशी मला त्यांची पहिल्यांदा दया आली.

मग काय विचारता! तात्यांना गुरुपदाची चटकच लागली. "सेंटर म्हंजी खळ्यातला तिवडा," ते सांगू लागले. तिवडा म्हणजे मळणीच्या वेळी खळ्याच्या मधोमध रोवलेला खांब, बैल त्याच्याभोवती फिरतात. "बाकीची चौघं बैलं. फिरू दे त्यांना. तू फिरायचं न्हाई. कड्याखाली हुबं ऱ्हायचं आन् हलायचं न्हाई. कोन काय बी म्हनू दे."

"व्हय तात्या," सुखदेव म्हणायचा.

स्पर्धेच्या दिवशी नगरला आमचे ट्रकच्या ट्रक गेले. हलगीवाला होता, गुलालाची पोती होती. चेअरमनसाहेब खुर्चीवर, तात्या मैदानाच्या रेघेवर. सुखदेव मैदानात आला आणि नागापूरवाल्यांचा आवाज बसला. त्यांचा सेंटर त्याच्या खांद्याला लागत होता.

सामना सुरू झाला. सुखदेव थेट त्यांच्या कड्याखाली गेला आणि रोवल्यासारखा उभा राहिला. "हलू नगं!" तात्या ओरडले. क्षणभरात पंचाने शिट्टी फुंकली आणि तीन बोटं वर केली. तात्यांनी टोपी उडवली. "तीन! तीन दिले!" हलगी कडाडली. थोड्या वेळाने पुन्हा शिट्टी, पुन्हा तीन बोटं. "आजून तीन!" आमचे लोक नाचू लागले. मीही दोन उड्या मारल्या, खोटं का बोला. दर शिट्टीला चेंडू मात्र नागापूरवाल्यांना मिळत होता आणि पाटीवर आमचे गुण काही हलत नव्हते. तात्यांनी त्याचाही उलगडा केला, "पाटीवाला नागापूरचा हाय. चोर हाय भाडखाऊ."

मध्यंतरात चीफसाहेबांनी माझीच गचांडी धरली तेव्हा मला कळलं. समोरच्यांच्या कड्याखाली आखलेल्या पट्ट्यात आपल्या गड्याने तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबायचं नसतं. थांबला की शिट्टी आणि चेंडू समोरच्यांना. तीन बोटं त्याचीच. चीफसाहेबांनी सुखदेवला हलवून हलवून सांगितलं. त्याने मान डोलावली. मी तात्यांना सांगायला धावलो, पण हलगीपुढे माझं काय चालणार? खेळ सुरू झाला, तात्या ओरडले "हलू नगं!" आणि सुखदेव पुन्हा जाऊन उभा राहिला.

आम्ही सपाटून हरलो. गुलालाची पोती बंदच राहिली. ज्यांनी भजी चारली होती त्यांनीच पोराला आईवरून शिव्या दिल्या. चेअरमनसाहेब गाडीत बसता बसता मला म्हणाले, "हंगाम संपला की याला मोकळा करा." आमची माणसं ट्रककडे गेली; चीफसाहेब, तात्या आणि मी मागे राहिलो. सुखदेव खांबाला टेकून बसला होता. तेव्हा कुठे मी तात्यांना त्या तीन बोटांचा अर्थ सांगितला.

तात्यांनी दोनदा विचारून घेतला. मग ते सुखदेवपुढे जाऊन उभे राहिले. तो बसलेला असल्यामुळे दोघांची तोंडं समोरासमोर आली.

"तुला ठावं हुतं?"

"व्हय. साहेबांनी पैल्याच दिवशी सांगितलं हुतं."

"मंग का हलला न्हाईस, भाड्या?"

"तुमी हलू नगं म्हनत हुता. आन् लई खुशीत हुता तात्या. मला वाटलं, बघू, पंचच दमंल."

तेवढ्यात लष्कराच्या संघाचा एक सुभेदार आमच्याकडे आला. तो पुढच्या सामन्यासाठी येऊन बसला होता. सुखदेवला त्याने उभं केलं, उडी मारायला लावली, पुन्हा एकदा मारायला लावली. मग आमच्याकडे वळून खेकसला, "इस लडके को वहाँ खडा किस गधे ने किया था?"

मी चीफसाहेबांकडे बघितलं, चीफसाहेबांनी माझ्याकडे. तात्यांनी शाळेतल्या पोरासारखा हात वर केला. "म्या."

सुभेदार मनमुराद हसला. पोराला सोमवारी भरतीला पाठवा, म्हणाला. कायम नोकरी, वर रोज खेळ. आम्ही सगळे सुखदेवकडे वळलो.

"तात्या म्हनत्याल तसं," सुखदेव म्हणाला.

तात्यांनी नुसतं 'ऱ्हा' म्हटलं असतं तर ते पोरगं राहिलं असतं. हंगाम संपेपर्यंत का होईना, क्वार्टरमध्ये दुसरं माणूस राहिलं असतं. तात्या बराच वेळ टोपी झटकत होते. शेवटी म्हणाले, "जा. आन् तिथं ती मानसं सांगत्याल तसं कर. माझं येक बी ध्यानात धरू नगं."

सोमवारी तो गेला. तात्या पुन्हा गव्हाणीवर ओरडू लागले, पुन्हा कुणी ऐकेना. पुढे लढाई झाली तेव्हा ते रोज टाईम ऑफिसात येऊन बसायचे. हा माणूस एरवी ऑफिसची पायरी चढत नसे. एकदा हळूच विचारलं, "भाऊसाहेब, लढाईत उंच मानसाला म्होरं ठिवत्यात का मागं?" मी म्हणालो, "खेळणाऱ्यांना मागे ठेवतात, तात्या." मला काहीच माहीत नव्हतं. पण ते ऐकून ते चहा प्यायले.

नंतर दुष्काळ पडला. ऊस नव्हता, त्यामुळे कामगारांना बास्केटबॉलला सवडच सवड होती. त्या साली नगरच्या स्पर्धेत आमची गाठ लष्कराच्या संघाशी पडली आणि त्यांच्याकडून सेंटरला सुखदेव उतरला. अंग भरलं होतं, लाजणं गेलं होतं. पट्ट्यात शिरायचा, उडायचा, चेंडू टाकून बाहेर. पाणी प्यायलासुद्धा एका जागी थांबत नव्हता. आमचे लोक पेटले. "आमचंच तूप खाल्लं आन् आमालाच हाणतोय!" हलगी नव्हती म्हणून रॉकेलचे डबे बडवत होते.

तात्या माझ्या शेजारी बसले होते आणि त्यांच्या तोंडात उपरण्याचा बोळा होता. सामना निम्मा झाला तरी त्यांनी तो काढला नाही. डोळ्यांतून पाणी गालावर येत होतं, ते पुसतही नव्हते. दर बास्केटनंतर सुखदेव आमच्या बाजूला नजर टाकत होता, गर्दीत कुणाला तरी शोधत होता.

"तात्या," मी म्हणालो, "तुमच्याकडे बघतोय तो. आजच्या दिवस आपला संघ जाऊ द्या खड्ड्यात. एकदा तरी हाक मारा त्याला."

तात्यांनी बोळा काढला. इकडे तिकडे बघितलं आणि माझ्या कानाशी येऊन इतक्या हळू बोलले, की हा गेनूतात्यांचाच आवाज आहे यावर माझा विश्वास बसेना.

"आन् त्यानं ऐकलं म्हंजी?"

बोळा त्यांनी पुन्हा तोंडात घातला.