जिभेची पैज

मुख्याध्यापिकांच्या खोलीतली शांतता इतकी दाटली होती, की छताच्या पंख्यालाही फिरण्याचा संकोच वाटावा. टेबलापलीकडे नूतन मॅडम. अलीकडे चौथीतली रुचि आणि शेतातून घाईने बोलावलेले तिचे वडील रूपलाल. बापलेकींचे ओठ सारखेच मिटलेले.

"सकाळपासून ही एक शब्द बोलून नाही राहिली," मॅडम म्हणाल्या. "पाढे विचारले, गप्प. तोंड उघड म्हटलं, तर मान हलवते. असे ओठ दाबून आपल्या कामठा गावात माणसं कधी बसतात, ते मला सांगू नका. हिच्या तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा आहे काय, भाऊ?"

रूपलालनी छताकडे पाहिले.

गोष्ट साधी होती. रुचि तोंडाने श्वास घेई, आणि तिचे समोरचे दात पुढे सरकू लागले होते. गोंदियाच्या दातांच्या डॉक्टरणीने आधी नाक तपासून घ्यायला लावले, मग सांगितले: बोलणे-खाणे नसेल तेव्हा ओठ मिटलेले असावेत, जीभ हलकेच टाळूला टेकलेली, वाढत्या जबड्याला आतून तोच आधार. रुचि अडून बसली. "तुमची जीभ तर खर्ऱ्यातच लोळून राहते, बाबा. मी एकटीनं कायले करू?" त्यातून आज सकाळी पैज लागली. मधल्या सुट्टीपर्यंत तिने जीभ हलवायची नाही, त्यांनी खर्रा खायचा नाही. ती हरली तर तिने कुरकुर न करता एकटीनेच जीभ टाळूला लावायची. ते हरले तर खर्रा बंद, आणि त्यांचीही जीभ टाळूला.

मुलीने त्या सल्ल्याचे मौनव्रत केले. वडिलांनी मात्र बांधावर पोचण्याआधीच खर्ऱ्याची पुडी उघडली होती, आणि तिचा ऐवज या क्षणी त्यांच्या डाव्या गालात मुरत होता.

"भाऊ, तुम्ही तरी बोला."

"हूं."

"हूं म्हणजे, आहे?"

"उंहूं."

थुंकायला खिडकी होती. पण तिच्याखाली पहिलीची मुले बाराखडी गिरवत होती.

"मग वर्गासमोरच हिचं तोंड तपासते," मॅडम उठल्या.

रुचिचे डोळे काठोकाठ भरले. ओठ तेवढे उघडले नाहीत. ते मात्र रूपलालना सोसवले नाही.

"तिच्या तोंडात काई नाई, मॅडम. माह्या तोंडात हाय."

वाक्यामागून एक तांबडा ओघळ पांढऱ्या शर्टावर उतरला, मावळत्या उन्हाच्या संथपणाने. आणि लगेच मधल्या सुट्टीची घंटा झाली.

रुचिने जीभ सोडली. "थोडसंक थांबले असते त मीच हरली असती, बाबा. मले रडू येऊन राहिलं होतं."

तिने सगळी पैज सांगितली. मॅडमनी पाण्याचा तांब्या रूपलालपुढे सरकवला. मग, कोणी पाहत नाही अशा समजुतीने, स्वतःची जीभ टाळूला लावून पाहिली.

परतीच्या वाटेवर ओमेशची खर्ऱ्याची टपरी होती. "या, रूपलालभाऊ. आताच घोटला, ताजा आहे."

पावले थबकली.

"काऊन भाऊ, रागावले काय?"

रूपलालनी ओठ मिटले, जीभ उचलून टाळूला टेकवली आणि नाकाने एक दीर्घ श्वास घेऊन ते धानाच्या बांधाकडे चालू लागले.