दहापेक्षा कमी

शाळेच्या ग्रंथपालांनी नोकरीत एकाच पत्राचं उत्तर द्यायचं राहू दिलं होतं. पत्र एका टेम्पोचालकाचं होतं. ‘माझी मुलगी सातवीत आहे. तिच्या पायांत बळ नाही. वर्ग वरच्या मजल्यावर आहे. रोज तिला पाठुंगळी घेऊन जिना चढतो, पण आता माझी पाठ ऐकत नाही. वर्ग खालच्या रिकाम्या खोलीत आणता येईल का?’

याला ‘हो’ एवढं उत्तर पुरलं असतं. पण ‘हो’ म्हणायचा अधिकार नेमका कोणाला, हे शाळेत कुणालाच ठाऊक नव्हतं. ‘नाही’ म्हणायचा मात्र शिपायापर्यंत सर्वांना होता. ग्रंथपाल भिडस्त गृहस्थ. पुस्तक काढतानाही शेजारच्या पुस्तकाची माफी मागतील असे. धीर गोळा करून ते पत्र घेऊन मुख्याध्यापकांकडे गेले.

“एका पत्रावर वर्ग हलवायचा?” मुख्याध्यापकांनी चष्मा काढला. “हा पक्षपात होईल हो! आधी आकडेवारी पाहिजे. कोणाच्या वाटेत कसला अडथळा आहे, ते शास्त्रशुद्ध शोधू. समता म्हणजे काय पोरखेळ आहे?”

“पण सर, ती मुलगी बाहेर पायरीवरच बसलीय.”

“तिच्याकडे बघू नका. बघितलं की पूर्वग्रह होतो.”

समता समिती नेमली गेली. वाचनालयात काही काम नसतं असा सर्वांचा समज असल्यामुळे ग्रंथपालच समन्वयक झाले. पत्र त्यांनी खिशात ठेवलं. उत्तराची सुरुवात ‘कळवण्यास आनंद होतो’ अशी करावी की ‘खेद होतो’ अशी, हे आकडेवारी आल्यावरच ठरणार होतं.

वरिष्ठ कार्यालयातून प्रश्नावली आली. घरी कोणती भाषा बोलता, रागावल्यावर कोणती बोलता, स्वतःला कोण समजता. शेवटच्या प्रश्नाने बराच घोळ घातला. एक आजी तरातरा शाळेत आल्या. “मास्तर, माझा नातू स्वतःला कोण समजतो ते त्याच्या बापाला अजून समजलं नाही. तुम्ही कागदावर काय विचारता?” नातवाने ‘गोलकीपर’ असं लिहिलं होतं. त्याचं बघून सगळ्या मागच्या बाकांनी तेच लिहिलं.

निकाल समजावून द्यायला माहितीतज्ज्ञ बाई आल्या. “गोलकीपर हा मोठाच दुर्लक्षित गट निघालाय,” त्या गंभीरपणे म्हणाल्या. “त्यांची मुख्य अडचण फाटकी जाळी.” नवीन जाळी तातडीने मंजूर झाली.

“आणि जिन्याची अडचण?” ग्रंथपालांनी घसा साफ करत विचारलं.

“ती संख्या दहापेक्षा कमी आहे. एवढा लहान आकडा छापला तर मूल ओळखू येतं. गोपनीयता! तिथे आकड्याऐवजी फक्त चांदणीची खूण छापायची.”

“बाई, ती कोण आहे हे अख्ख्या शाळेला माहीत आहे. तिचे वडील रोज सगळ्यांसमोर तिला…”

“शाळेला असेल. आकडेवारीला माहीत नाही, आणि आपण आकडेवारीवर चालतो.”

मुख्याध्यापकांनी सांत्वन केलं. “निराश होऊ नका. अजून नऊ जण मिळतात का बघा.”

ग्रंथपालांनी जिन्यापाशी मुलीला गाठलं. बाप कठड्याला टेकून श्वास घेत होता.

“सर, मोजलंत मला?” तिने विचारलं.

“मोजलं गं. तुझ्या जागी चांदणी आलीय.”

“चांदणी वर असते ना? मग मला खालीच राहू द्या की!”

बाप हसला, आणि कंबर धरून खाली बसला.

दरम्यान, एवढी गोपनीय माहिती उघड्यावर कशी ठेवायची, असा प्रश्न उभा राहिला. तळमजल्यावर एकच खोली रिकामी होती. तिथे लोखंडी कपाटं आली, दाराला कुलूप आलं आणि वर पाटी लागली : ‘समता कक्ष. प्रवेश बंद.’

पुढे बापाच्या पाठीने उत्तर दिलं. शाळेने दिलं नव्हतं. मुलगी यायची थांबली. काही दिवसांनी पटावरून नाव कमी झालं, आणि वार्षिक फेरमोजणीत चांदणीही गेली. शून्याने कोणाची ओळख उघड होत नसल्यामुळे ते निर्धास्तपणे छापता आलं. जिन्याची अडचण असलेले विद्यार्थी : शून्य. शाळेला ‘अडथळामुक्त’ म्हणून ढाल मिळाली. ती वरच्या मजल्यावर, जिना संपतो तिथे लावली.

“आता त्या पत्राला उत्तर द्या,” मुख्याध्यापक म्हणाले. “आता आपल्याकडे पुरावा आहे.”

ग्रंथपालांनी रात्रभर खाडाखोड केली. ‘आनंद’ही खोडला, ‘खेद’ही खोडला. उरलं ते असं : ‘आपण कळवलेला अडथळा आता शाळेत शिल्लक नाही.’ वाक्य खरं होतं. त्यामुळेच तेही त्यांनी एकदा खोडून पाहिलं. तरी सही केली आणि सकाळी पाकीट पोस्टाच्या पेटीत टाकलं.

उत्तरात मुलीचं नाव नव्हतं, गोपनीयता. या गोष्टीतही नाही. आणि वाचकहो, इथवर येईपर्यंत आपणही ते एकदासुद्धा विचारलं नाहीत. समता समिती आपली आभारी आहे.