विंथर्बी खुर्दचा ट्यूबा

चौतिसाव्या फॉर्मवरही ट्यूबा निघाला, तेव्हा हेस्टर पिंडरने चष्मा काढून पुसला. चष्म्यात काही दोष नव्हता. स्वयंपाकघरातल्या टेबलावर विंथर्बी खुर्दच्या इतिहास मंडळाचे भरून आलेले चौतीस फॉर्म पसरले होते, आणि त्यांपैकी एकवीस जणांनी गळ्याशपथ सांगावं तशा ठामपणे लिहिलं होतं, की १९५३ साली राणीच्या राज्याभिषेकाच्या दिवशी, भर पावसात, गावच्या बँडचा ट्यूबा, म्हणजे ते कवेत न मावणारं पितळी तोंडवाद्य, तळ्यात पडला.

अडचण एवढीच होती, की तो पडलाच नव्हता. तो हेस्टरने मार्च महिन्यात याच टेबलावर, चहा पिता पिता तळ्यात टाकला होता.

त्याला कारण गावकरीच. मंडळ पुस्तक काढणार होतं, 'आमचं गाव, आमच्या आठवणी'. त्यासाठी हेस्टरने आधी एक प्रश्नावली वाटली होती. राज्याभिषेकाच्या दिवसाचं काय आठवतं, या पाचव्या प्रश्नाला सगळ्या गावाचं मिळून एकच उत्तर आलं, 'पाऊस.' एकाने 'वरीलप्रमाणे' असं लिहिलं होतं. वर त्याचा पत्ता होता. म्हणून दुसऱ्या खेपेला तिने प्रश्नाखाली नमुना दिला: 'उदा. बँडचा ट्यूबा घसरून तळ्यात पडला आणि आम्ही मुलं पोट धरून हसलो.' पुढे कंसात स्वच्छ लिहिलं, 'हे उदाहरण काल्पनिक आहे.' तीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत काढलेली बाई ती. बाटलीला चिठ्ठी लावल्याशिवाय साधं पाणीसुद्धा ठेवायची नाही.

पण फॉर्म छापायला नेले अध्यक्षांनी, म्हणजे रोनाल्ड गॅडस्बीने. मजकूर एका पानात बसेना, तेव्हा त्याने कंस उडवला. "कंसातलं कोण वाचतं गं?" असं त्याने नंतर सांगितलं, आणि त्यात तो बरोबरच होता.

हेस्टरने सवयीने एक तक्ता आखला. ट्यूबा घसरला म्हणणारे नऊ, ढकलला म्हणणारे सात, बुडणाऱ्या पोराला वाचवायला वादकाने ट्यूब्यासकट उडी घेतली म्हणणारे पाच. वादक आपला बाप होता असा दावा करणारी घरं चार. ज्यांचं घर तळ्यापासून जितकं लांब, त्यांना तितकं स्पष्ट दिसलं होतं. दोघांचा तर तेव्हा जन्मही झालेला नव्हता, पण त्यांना पाण्याचा आवाज आठवत होता.

खरं तर त्या दिवसाची पक्की आठवण हेस्टरचीच होती. सहा वर्षांची ती दूर डर्बी शहरात, आईबापांच्या घरी, गोवराने अंथरुणात होती. मिरवणुकीसाठी घेतलेला नवा रेनकोट दाराच्या खुंटीवर लटकत होता आणि काचेवरून पाणी ओघळत होतं. पण ही आठवण पुस्तकात जाणार नव्हती. मंडळाचा नियम होता: आठवणी फक्त गावच्यांच्या. गावचे म्हणजे १९६० च्या आधीपासूनचे. हेस्टर अॅलेक पिंडरची बायको होऊन या गावात आली, त्याला चव्वेचाळीस वर्षं झाली. अॅलेक चर्चच्या आवारात विसावला तोही गावचा म्हणून. ती अजून 'डर्बीची' होती. तिने पुस्तक गोळा केलं, टाइप केलं, मुद्रितं तपासली, आणि तिचं नाव शेवटच्या पानावर 'सहकार्य'मध्ये होतं, चहाचा बंब दुरुस्त करणाऱ्याच्या खाली. आठवणी सांगणाऱ्यांच्या यादीत आपलं नाव असावं असं तिला फार वाटे. इतकं, की ते तिने कधी कोणाला बोलून दाखवलं नव्हतं.

पण खोटं ते खोटं. मंगळवारच्या बैठकीत, बिस्किटांची बशी फिरून झाल्यावर, ती उभी राहिली.

"ट्यूब्याचं एक सांगायचंय," ती म्हणाली. "तो पडला नाही. ते उदाहरण मी मनाने रचलं होतं."

कोणीतरी चमचा बशीत ठेवला. मग टास्करबाई कनवाळूपणे हसल्या. त्या अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या. निम्म्या गावाला त्यांनी चर्चच्या रविवारच्या शाळेत गप्प बसायला शिकवलं होतं.

"बाळ," त्या म्हणाल्या, "तू तेव्हा इथे होतीस का?"

"नाही, बाई."

"मग पडला नाही हे तुला कसं कळणार?"

प्रयोगशाळेत हेस्टरला असा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

"अहो, पण मी रचला म्हणूनच तर..."

"हे बघ हेस्टर," तळ्याकाठच्या शेताचा मालक लेन ब्रॅकनबरी मध्येच म्हणाला, "माझा बाप तीन दिवस ओल्या बुटांनी फिरला. तेही तूच रचलंस काय?"

"पाऊस होता, लेन. सगळ्यांचेच बूट ओले होते."

"बघा! म्हणजे पाऊस मान्य आहे तिला!" लेनने सभेकडे पाहिलं.

रोनाल्डने घसा साफ केला. "हेस्टर, तुझा हेतू चांगला आहे. पण गावाबाहेरच्या माणसाने गावाची आठवण खोडायची म्हणजे जरा... जरा..." तो शब्द शोधत राहिला आणि इंग्रज माणसाला सापडतो तोच त्याला सापडला. "जरा दुर्दैवी वाटतं."

ट्यूबा अकरा विरुद्ध शून्य मतांनी मंजूर झाला. हेस्टरला मत नव्हतं. ती इतिवृत्त लिहीत होती. तिने लिहिलं: 'श्रीमती पिंडर यांनी ट्यूब्याविषयी शंका व्यक्त केली. शंकेचं निरसन करण्यात आलं.'

प्रकरण इथे मिटलं असतं, पण शंका आली म्हणजे पुरावा आला. रोनाल्डने ठरवलं, तळं उपसायचं, ट्यूबा काढायचा, घासूनपुसून पुस्तकाच्या प्रकाशनाला मांडायचा. बदकांची सोय टास्करबाईंनी आपल्या न्हाणीघरात केली. लेनने पंप आणला. हेस्टरने हरकत घेतली नाही. उलट तिला हायसं वाटलं. आता कोणाच्या बापाचा प्रश्न नव्हता. तळं रिकामं होईल, तळाशी ट्यूबा नसेल, संपलं.

शनिवारी सकाळी सगळा गाव घडीच्या खुर्च्या आणि थर्मास घेऊन काठावर बसला. दुपारपर्यंत चिखल दिसू लागला. पहिल्यांदा तीन सायकली निघाल्या. मग रोनाल्डचं गवत कापायचं यंत्र निघालं. ते लेनने पळवलं, अशा समजुतीने रोनाल्डने नऊ वर्षं लेनशी हवापाण्यापलीकडे एक शब्द काढला नव्हता. मग एक लाकडी फलक वर आला. लेनने बुटाने चिखल सारला. 'सर्वांत नीटनेटकं गाव, जिल्हास्पर्धा १९६८. द्वितीय क्रमांक.'

त्या वर्षी पहिला क्रमांक विंथर्बी बुद्रुकला मिळाला होता.

"हा इथे कसा आला?" हेस्टरने विचारलं.

कोणालाच काही आठवेना. सायकलींचं आठवेना, यंत्राचं आठवेना, फलकाचं तर मुळीच आठवेना. सगळे थर्मासची झाकणं लावू लागले.

"ट्यूबा नाही," हेस्टर हळूच म्हणाली.

"नाही," रोनाल्ड म्हणाला. तो बराच वेळ रिकाम्या खड्ड्याकडे बघत राहिला. त्याचा चेहरा हळूहळू उजळत गेला. "म्हणजे कोणीतरी काढून नेला!"

गावच्या सगळ्या माना एकदम टेकडीकडे वळल्या. टेकडीपलीकडे झाडांवरून बुद्रुकच्या चर्चचा मनोरा डोकावत होता. खुर्दच्या मनोऱ्यापेक्षा तो आठ फूट उंच होता आणि ते कोणी विसरलं नव्हतं.

"तरीच," टास्करबाई म्हणाल्या.

"त्यांचा बँड अजून चालू आहे," लेन म्हणाला. "आपला बंद का पडला? विचार केलाय कधी?"

बुद्रुकच्या बँडला पत्र गेलं. मसुदा रोनाल्डचा, टाइप हेस्टरचं. इतकं सभ्य पत्र होतं, की दोनदा वाचल्याशिवाय शिवी सापडत नव्हती. हेस्टरने ते स्वतः पेटीत टाकलं आणि येताना तिची पावलं हलकी पडली. बुद्रुकवाले काय, एका ओळीत कळवतील: असला कुठला ट्यूबा आम्हाला ठाऊक नाही. परक्या गावाने नाही म्हटल्यावर तरी ऐकतील.

उत्तर चौथ्या दिवशी आलं. बँडप्रमुख डेनिस कॉप याने लिहिलं होतं:

'होय, आम्हीच काढला. तो मुळात आमचाच. तुमच्या बँडने समारंभापुरता मागून नेला आणि पाण्यात घातला. पुढल्या रविवारी आमच्या सहा माणसांनी दोर लावून तो ओढून काढला. हा प्रसंग आमच्या बारा जणांना लख्ख आठवतो. पोचा अजून आहे. येऊन पाहा.'

हेस्टर खुर्दच्या चार जणांबरोबर पाहायला गेली. बुद्रुकच्या तालीमखोलीत एक जुना ट्यूबा होता. त्याला पोचाही होता. लेनने त्यावरून बोट फिरवलं आणि त्याचे डोळे पाणावले. "बाबांचं डोकं इथेच आपटलं," तो म्हणाला.

"पोचे सगळ्याच ट्यूब्यांना असतात," हेस्टर म्हणाली. तिच्याकडे कोणी पाहिलं नाही.

पुढे महिनाभर दोन्ही गावांत तलवारी उपसल्या होत्या. म्हणजे एकमेकांच्या जत्रांना केक पाठवणं बंद झालं. शेवटी तोडगा निघाला: ट्यूबा वर्षातले सहा महिने खुर्दला, सहा महिने बुद्रुकला. सुपूर्त करायचा पुस्तकाच्या प्रकाशनात, खुर्दच्या हॉलमध्ये.

हॉल दोन्ही गावांनी गच्च भरला. टेबलावर काकडीची सँडविचं, पुस्तकांचा गठ्ठा आणि मध्ये चकाकणारा ट्यूबा. हेस्टर कोपऱ्यात इतिवृत्ताची वही उघडून बसली होती. रोनाल्डने हात पुढे केला, पण डेनिसने ट्यूब्यावरचा हात काढला नाही.

"एक बारीकशी गोष्ट," तो म्हणाला. "आमची बारा माणसं इथे हजर आहेत. त्यांनी काढताना पाहिला, आत्ता उभं राहून सांगतील. तुमच्यातल्या कोणी पडताना पाहिलाय, ते आमच्या तोंडावर सांगा. कागद नको. माणूस हवा. नाहीतर मग तो पडला कसला? आमच्याकडून चोरलाच होतात आणि लपवायला बुडवलात, असंच धरावं लागेल."

खुर्दचे लोक सँडविचं निरखू लागले. फॉर्मवर लिहिणं निराळं आणि बुद्रुकच्या बारा माणसांसमोर उभं राहून बोलणं निराळं. "मी तेव्हा दोन वर्षांचा होतो," रोनाल्ड पुटपुटला. लेनला एकाएकी खोकला आला. 'पोराला वाचवायला उडी' लिहिणारे पाचही जण चहाच्या बंबामागे गेले. डेनिसने ट्यूबा उचलला.

"थांब," टास्करबाई म्हणाल्या.

त्या काठीच्या आधाराने उठल्या. त्यांची नजर सगळ्या हॉलवरून फिरली आणि कोपऱ्यातल्या वहीवर येऊन थांबली.

"हेस्टरने पाहिला," त्या म्हणाल्या. "तळ्याच्या अगदी काठाला उभी होती. एवढीशी पोर. सुट्टीला आली होती इथे. पिवळा रेनकोट घातलेला. मला आज दिसावं तसं दिसतंय."

हेस्टरने बाईंकडे पाहिलं. बाई तिच्याकडे शांतपणे बघत होत्या. रविवारच्या शाळेत पोरांकडे बघायच्या तशाच.

"हो की!" लेनचा खोकला थांबला. "ती पिवळ्या रेनकोटवाली! बाबा सांगायचे!"

"म्हणजे तू लहानपणापासूनची गावची," रोनाल्ड म्हणाला, आणि त्याच्या आवाजात खरोखरचा पश्चात्ताप होता. "आणि आम्ही तुला बंबवाल्याच्या खाली घातलं! अगं, बोलायचं नाहीस का? पुढच्या आवृत्तीत तुझं नाव यादीत, अगदी वर."

सत्तर माणसं तिच्याकडे वळली. चव्वेचाळीस वर्षांत या हॉलमध्ये इतक्या आपलेपणाने तिच्याकडे कोणी पाहिलं नव्हतं. ती उठली. मी त्या दिवशी डर्बीत होते; मला गोवर होता; ट्यूबा मी रचला. तीन लहान वाक्यं. तिन्ही खरी, तिन्ही जिभेवर तयार. पण मग डेनिस ट्यूबा घेऊन दारातून जाईल, आणि हॉलमधली ही सत्तर तोंडं पुन्हा भिंतीकडे वळतील. तिला दाराच्या खुंटीवरचा रेनकोट दिसला, काचेवरून ओघळणारं पाणी दिसलं.

"बाई म्हणतात ते बरोबर नाही," हेस्टर म्हणाली.

डेनिस ट्यूबा घेऊन दाराकडे वळला.

"रेनकोट पिवळा नव्हता. निळा होता."

टाळ्यांच्या कडकडाटात डेनिसने ट्यूबा खाली ठेवला. हेस्टर बसली. तिने पेन उचललं आणि वहीत लिहिलं: 'श्रीमती पिंडर यांनी तपशिलात एक दुरुस्ती सुचवली. ती एकमताने मान्य झाली.'