बिनआवाजाची गाडी

"साहेब, रेंज विचारा, मायलेज विचारा, बॅटरीची वॉरंटी विचारा. हे काय विचारताय?" शोरूममधला सेल्समन टायची गाठ सैल करत म्हणाला.

"मी विचारलं त्याचं उत्तर द्या ना," चष्मेवाले म्हणाले. "आमच्या गल्लीत शिरल्यापासून दारात उभी राहीपर्यंत गाडीचा हूं की चूं व्हायला नको. बायकोला अजिबात कळता कामा नये. इलेक्ट्रिक, हायब्रीड, प्लग-इन, तिन्हींपैकी कोणती घेऊ?"

सेल्समनने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. पन्नाशी ओलांडलेला, चौकातल्या दुकानात लोकांचे डोळे तपासणारा सरळमार्गी माणूस. चेहऱ्यावरून तरी तसलं काही वाटत नव्हतं. "समजलं, साहेब," तो आवाज खाली आणून म्हणाला. "पुरुषाची अडचण पुरुषालाच कळते."

त्याला कप्पाळ कळलं होतं.

झालं होतं ते असं. चष्मेवाल्यांची जुनी डिझेल गाडी गल्लीच्या तोंडाशी आली की झोपलेली पोरं उठून बसत. गेल्या आठवड्यात तिने कायमची मान टाकली. शोरूमने दोन दिवस चालवून बघायला इलेक्ट्रिक गाडी दिली. पहिल्या संध्याकाळी ती घेऊन ते दारात आले, उतरले आणि जागीच थबकले. आतून गाणं येत होतं. बायको पडदे शिवता शिवता गात होती. मशीन थांबलं की सूर लांबायचा, मशीन चाललं की त्याच्या ठेक्यात शब्द बसायचे. लग्न ठरलं तेव्हा हाच आवाज ऐकून ते खुळावले होते. लग्नानंतर महिनाभरात तो बंद झाला. "आता नाही जमत हो," एवढंच ती म्हणाली होती. त्याला बावीस वर्षं झाली.

म्हणजे ती रोज गात होती. डिझेल गाडीची घरघर ऐकू आली की गप्प होत होती.

ते पायरीवर बॅग छातीशी धरून उभे राहिले. तेवढ्यात हातातून किल्ली पडली. गाणं कात्रीने कापावं तसं तुटलं.

"कधी आलात?" बायकोने दार उघडून विचारलं.

"आत्ताच की," चष्मेवाले म्हणाले आणि हात धुवायला गेले. नळ चालू ठेवून बराच वेळ तिथेच उभे राहिले.

खरं तर इलेक्ट्रिक घेतली की प्रश्न मिटत होता. पण महिन्यातून दोनदा त्यांना डोळे तपासायला लांबच्या गावांना जावं लागे आणि त्या रस्त्यावर चार्जिंगची सोय नव्हती. दिवसभर गिऱ्हाइकांना "हे स्पष्ट दिसतं की हे?" विचारणाऱ्या माणसाला स्वतःचं काहीच स्पष्ट दिसेना.

"मग हायब्रीड घ्या," सेल्समन म्हणाला. "पेट्रोलवर पळते, हळू चालवलीत की बॅटरीवर. मांजरासारखी घरात शिराल."

मांजर गल्लीतल्या चढापर्यंत नीट आलं. चढावर बॅटरी दमली आणि ऐन दारात इंजिन गुरगुरून जागं झालं. आतलं गाणं बंद.

दुसऱ्या दिवशी प्लग-इन हायब्रीड आणली. हिची बॅटरी मोठी. सॉकेटला लावून भरली की चाळीसेक किलोमीटर पेट्रोलला हात लावायला नको. चष्मेवाले इतके अधीर झाले होते, की दुकान लवकर बंद करून गल्लीत पोहोचले. बायकोने अजून गायला सुरुवात केली नव्हती. म्हणून त्यांनी एक चक्कर मारली. मग आणखी एक. गावाबाहेरच्या रस्त्याने पाच-सहा चकरा झाल्या आणि तिचं गाणं सुरू झालं तेव्हा बॅटरी संपली होती. इंजिन खडबडून पेटलं.

"आज गल्लीत सारखी कोणाची गाडी फिरत होती म्हणे?" बायकोने जेवताना विचारलं.

"असतील कोणी," म्हणताना त्यांना ठसका लागला.

तिसऱ्या दिवशी त्यांनी हट्टाने पुन्हा इलेक्ट्रिक आणली, पुरती चार्ज व्हायलाही थांबले नाहीत. या वेळी उतरायचंच नाही असं ठरवून ती घरासमोर उभी केली, काचा खाली केल्या आणि डोळे मिटले. गाणं आलं. अगदी सावकाश, कुणासाठीही नसल्यासारखं. स्वतःच्या घराबाहेर चोरासारखं बसून आपण कशाला मुकलो ते ऐकत होते.

इतक्यात फोन आला. बंद करायला त्यांनी गाडीतल्या पडद्यावर बोट दाबलं, ते नेमकं नको तिथे. सेल्समनचा खणखणीत आवाज गाडीच्या सगळ्या स्पीकरमधून गल्लीभर घुमला: "साहेब, जमलं का? बायकोला पत्ता लागला नाही ना?"

समोरच्या गॅलरीत निवृत्त हेडमास्तरांच्या हातातला पेपर खाली आला. दोन दारं उघडली. गाणं थांबलं आणि गळ्यात मापाची टेप असलेली बायको बाहेर आली.

"घाबरू नका, साहेब," स्पीकर म्हणाला. "अशी बरीच गिऱ्हाइकं येतात आमच्याकडे!"

"शोभतं का हे या वयात?" हेडमास्तरांनी वरून विचारलं.

बायको गाडीपाशी आली. "काय लपवताय माझ्यापासून?"

"तुझं गाणं," चष्मेवाले म्हणाले. ते दोनदा सांगावं लागलं.

ती दार उघडून शेजारच्या सीटवर बसली. "तुम्हाला आवडत नाही ना पण? नवी नवरी होते मी. गात होते, तर तुम्ही ताडकन उठून खिडक्या लावल्यात. म्हटलं, लाज वाटते यांना."

"अगं, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून लावल्या!"

"तेच म्हणतेय मी!"

"तसं नाही गं. सगळा आपल्या घरातच राहावा म्हणून. दुसऱ्या कोणाला द्यायचा नव्हता मला."

बायकोने टेपची गुंडाळी केली, सोडली, पुन्हा केली. "एवढं तोंडाने सांगायला काय झालं होतं?" हेडमास्तर वाकून ऐकतायत हे बघून ती म्हणाली, "चला, आधी गाडी काढा इथून."

त्यांनी गाडी काढली. कुठे जायचं ते दोघांनीही विचारलं नाही. गाव मागे पडलं.

"तुम्ही असे कान टवकारून बसलात तर कसं गाणार कोणी?" बायको म्हणाली. "पुढे बघा."

ते पुढे बघू लागले. मग ती हळूच गुणगुणली. एक ओळ विसरली, हसली, पुन्हा पहिल्यापासून धरली. पडद्यावर चार्जिंगचा आकडा लाल झाला, गाडीने बारीक सूचना दिली, पण परत फिरायचं तर गाण्याच्या मध्येच बोलावं लागलं असतं. चष्मेवाले नाकासमोर गाडी चालवत राहिले. शेताडीतल्या एका वळणावर गाडी हळू होत होत उभी राहिली. गाणं चालूच होतं.

फोन केल्यावर तासाभराने सेल्समन उचलून न्यायची गाडी घेऊन आला. "सांगत होतो ना, साहेब? अर्ध्या वाटेत दगा देते. बोला, हायब्रीड लिहू की प्लग-इन?"

"हीच लिहा," चष्मेवाले म्हणाले. "आणि तुम्ही एवढ्या लवकर कशाला आलात?"