चमेलीबाईंच्या चेहऱ्याचे मूल्यमापन व जतन

कागद नाशवंत असतो, टिकते ती समिती. म्हणूनच मेहरूणच्या आमच्या शाळेत कपाटामागे एक जुनं चित्र सापडलं, तेव्हा धूळ झटकण्याआधी समिती नेमण्यात आली. (धूळ अजून आहे. सुरक्षित आहे.)

चित्र कोळशाचं. एक बाई, मान सुरईसारखी, नाक बाजूला सरकलेलं, डोळा एकच. चाळीस वर्षांपूर्वी आमच्या शाळेचे चित्रकला शिक्षक समाधान सर यांनी, शाळेत पाणी भरणाऱ्या चमेलीबाईंना स्टुलावर बसवून काढलेलं. सर आता नाहीत. चमेलीबाई आहेत, रावेरकडच्या. अजूनही गॅदरिंगला पाणी द्यायला येतात. तरुणपणचा त्यांचा दुसरा एकही फोटो नाही, म्हणून त्यांनी समितीपुढे येऊन तोंडी अर्ज केला:

"हाऊ मना फोटू शे. माले द्या."

अर्ज भावनिक असल्याने तो बाजूला ठेवून आधी मूल्यमापन झालं. हेमांगी मॅडमनी परीक्षेच्या नियमाने गुण दिले: प्रमाणबद्धता दहापैकी दोन, नाक अर्धा, स्वच्छता शून्य. चित्र नापास.

"पण अध्यक्षसाहेब, ही आधुनिक शैली आहे," मॅडम हळूच म्हणाल्या.

"आधुनिक म्हणता आणि डोळा एक?" अध्यक्ष गिरधर नाना म्हणाले. नानांचा केळीचा व्यापार. घड लांबून बघून ते प्रत सांगतात. चित्रही लांबूनच बघितलं. "मिसबाह, लिही. माल जुना, पण ठेवण्यासारखा."

मी विद्यार्थी प्रतिनिधी. लिहिलं.

मग ओळख पडताळणी. चमेलीबाईंना चित्राशेजारी उभं केलं. जुळेना.

"बाई, एक डोळा मिटा बरं," नाना म्हणाले. मिटला. "आता नाक जरा डावीकडे."

"नाना, तुमीच सरकाई द्या," बाई म्हणाल्या.

नाक जागेवरच राहिल्याने 'ओळख पटली नाही' अशी नोंद झाली आणि चित्र शाळेचं ठरलं. शाळेचा गोल शिक्का उजव्या गालावर मारला, कारण तेवढीच जागा कोरी होती. दप्तरासाठी एक झेरॉक्स त्याआधीच काढून ठेवली होती.

शेवटी जतन. आपल्याकडे कागदावर खरं प्रेम असलं की त्याचं लॅमिनेशन करतात. माझा जन्मदाखला झालाय, अब्बांच्या लग्नाची पत्रिका झालीय. चित्रही गरम मशीनमधून निघालं: कोळसा फिसकटलेला, धूळ आत, आणि कपाळावर, गालावर प्लास्टिकच्या बारीक बारीक सुरकुत्या.

चमेलीबाईंनी ते हातात घेतलं. बराच वेळ बघितलं.

"आते मना तोंडासारखाच दिखस," त्या म्हणाल्या.

समितीने ओळख पटल्याची एकमताने नोंद घेतली. पण शिक्का तर बसला होता. म्हणून बाईंना ती झेरॉक्स देण्यात आली, 'सत्यप्रत' असं लिहून, नानांच्या सहीनिशी. (मूळ चेहरा आता फक्त त्या झेरॉक्सवरच दिसतो, ही बाब समितीच्या लक्षात आलेली नाही. कृपया कोणी आणून देऊ नये.)

चित्र गॅदरिंगला मंडपाच्या दारात लावलं होतं. तुम्ही आला होतात, आठवतंय? केवढं कौतुक केलंत, शेजारी उभं राहून सेल्फीही काढलीत. त्या सेल्फीत मागे एक म्हातारी ग्लासांचा ट्रे घेऊन उभी होती. स्टेटसला ठेवताना तुम्ही तिला कापलंत.