टिटवी डबल ड्यूटीवर

मे महिन्यातल्या एका सकाळी माझ्या गाडीच्या पुढच्या काचेवर पिवळा स्टिकर चिकटवलेला दिसला. त्यावर ठळक छापील अक्षरं होती : ‘होल्ड’. खाली कारणासाठी आखलेल्या रेघेवर बॉलपेनानं लिहिलं होतं, ‘गाडीखाली घोरपड. क्लिअर झाल्याशिवाय हलवू नये.’

मी गुडघे टेकून गाडीखाली बघितलं. घोरपड नव्हती. रबरी पाइपचा एक तुकडा पडला होता.

“हुती,” पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून येळवंडे अण्णांचा आवाज आला. “आत्ता दुसऱ्या डिपार्टमेंटला गेली असंल. बॉनेट उघडून बघा, मग सोडा.”

माझं आयुष्य अकाउंट्समध्ये गेलं. खात्री केल्याशिवाय सही न करण्याची सवय अंगात मुरली आहे. ऑफिसला उशीर होत होता तरी मी बॉनेट उघडलं. आत घोरपड नव्हती, पण उंदरानं कुरतडलेली एक वायर होती. घोरपड त्या उंदराच्याच कामावर आली होती आणि मी तिला काम अर्धवट टाकायला लावलं, असं येळवंडे अण्णांचं तेव्हापासून पक्कं मत आहे.

अण्णा मूळचे चाकणजवळच्या महाळुंग्याचे. “जिथं वडलांनी ज्वारी काढली, तिथंच मी पत्रा दाबला,” एवढ्यात ते आपलं चरित्र संपवतात. रान कंपनीत गेलं, पाठोपाठ अण्णाही कंपनीत गेले. आधी प्रेसशॉपमध्ये, मग तपासणीला. यंत्रातून दाबून आलेला भाग हातात घ्यायचा, फिरवून बघायचा आणि तीनपैकी एक स्टिकर लावायचा : हिरवा म्हणजे ओके, पिवळा म्हणजे होल्ड, लाल म्हणजे रिजेक्ट. ते निवृत्त झाले तेव्हा कंपनीनं नव्या नमुन्याचे स्टिकर छापले होते. जुन्यांची खोकी अण्णांनी रीतसर परवानगी काढून घरी आणली. बाकीचे लोक निवृत्तीला भिंतीवरचं घड्याळ घेऊन येतात. आम्हाला घड्याळ परवडलं असतं.

मोशीतल्या आमच्या चार मजली सोसायटीचं नाव ‘निसर्ग विहार’ आहे. जाहिरातीत ‘निसर्गाच्या कुशीत राहा’ असं लिहिलं होतं, म्हणून आम्ही राहायला आलो. निसर्ग आधीपासून तिथं राहत होता आणि त्याचा कुठं जायचा विचार नव्हता, हे जाहिरातीत नव्हतं. उन्हाळा तापला की तो पाण्यासाठी बाहेर पडतो आणि सोसायटीच्या ग्रुपवर आकांत सुरू होतो. बाथरूममध्ये बेडूक निघाला की त्याचा फोटो येतो, खाली प्रश्न : ‘सिक्युरिटी काय करते?’ धामण कुंपणाच्या भिंतीवरून गेली तेव्हा एका सभासदानं मेंटेनन्स कमी करून मागितला.

अण्णा मात्र आल्या जनावराची शांतपणे तपासणी करून निकाल देतात. धामण ओके. “उंदराचं खातं तिच्याकडं हाय.” माकड होल्ड. “निस्तं बसाया आलंय का काय न्यायला, ते बघू.” कबुतर रिजेक्ट, कारण विचारायचं नाही. लिफ्टवर लाल स्टिकर कायमचा आहे, आणि त्यात कुणालाच अतिशयोक्ती वाटत नाही.

हवामान हा त्यांच्या लेखी एक बेभरवशाचा कामगार. “आज ऊन लवकरच पंच झालं.” “वारं सेकंड शिफ्टला येतो म्हणलं आन् दांडी मारली.” यंदा तर या कामगारानं कहर केला. दुपारी अंग भाजणारं ऊन, मग एकाएकी आभाळ, मग धुळीची वावटळ, मग गारा, आणि संध्याकाळी पुन्हा स्वच्छ ऊन, जणू मधलं काही झालंच नाही. गारा पडल्या की आम्ही गाड्यांवर चादरी टाकायला धावायचो. अण्णा एक गार उचलून बोटांत फिरवायचे आणि म्हणायचे, “साईजमधी लई फरक हाय. सेटिंग बिघडलंय वरचं.”

रोज सकाळी गेटवर उभं राहून ते अंदाज सांगतात. “आज वळीव पडणार,” असं अण्णा म्हणाले की सोसायटीतल्या बायका हमखास कुरडया घालायला घेतात. माझी बायको मंगल त्यांना तोंडावर सांगते, “अण्णा, उद्याही पाऊस सांगा हं, पापड राहिलेत.” अण्णा रागावत नाहीत. मी आकडे बघणारा माणूस. माझ्या मते इतकं सातत्यानं चुकणं ही एक प्रकारची विश्वासार्हताच आहे. अण्णांच्या उलट चालून आमची कुरडई आजवर भिजलेली नाही.

याच मे महिन्यात टिटवीच्या एका जोडीनं आमच्या गच्चीवर चार अंडी घातली. गच्चीचं जुनं वॉटरप्रूफिंग एका कोपऱ्यात उखडून त्याची खडी झाली आहे. टिटवीला घर बांधायचं नसतं, खडी पुरते. त्या खडीच्या बरोबर खाली माझी बेडरूम आहे. पाऊस झाला की तिचं छत गळतं. टिटवीला जे ओके वाटलं, ते मी दोन वर्षं रिजेक्ट, रिजेक्ट म्हणून ओरडत होतो.

आता, टिटवीनं नदीच्या पात्रात अंडी घातली तर पाऊस कमी आणि उंचावर घातली तर जास्त, असं आमच्या भागातले जुने लोक मानतात. अण्णांनी दुसऱ्या दिवशी गेटवर जाहीर केलं, “टिटवी चौथ्या मजल्याच्या वर चढलीया. पाणी कुठवर यील, त्ये तुमीच बघा.”

आधी सगळे हसले. संध्याकाळपर्यंत हसणं थांबलं. इंद्रायणी काही फार लांब नाही. तळमजल्यावरच्या एका कुटुंबानं सोफा विटांवर चढवला. कुणी ग्रुपवर विचारलं की पुरात बुडालेल्या गाडीचा विमा मिळतो का. रोज ज्या अण्णांच्या उलट चालायचं, त्या अण्णांवर त्या दिवशी सगळ्यांचा विश्वास बसला. कुरडईपुरता माणूस हुशार राहतो, जीव आणि गाडी आली की टिटवीचंही ऐकतो.

चेअरमन इंगळे यांनी तातडीची सभा बोलावली.

“अण्णा, यंदा तुफान पाऊस आहे, असं तुमचं म्हणणं आहे ना?”

“व्हय,” अण्णा छाती काढून म्हणाले. हा मान त्यांना नवा होता.

“मग गच्चीचं वॉटरप्रूफिंग याच आठवड्यात करून टाकू. खडी काढायची, डांबर ओतायचं. कुणाची हरकत?”

अण्णांचा चेहरा उतरला. “तसं न्हाई ओ… माझा अंदाज चुकतो. कुनालाबी इचारा.”

“या वेळी आमचा विश्वास आहे.”

“पिल्लं निघोस्तवर थांबा की राव! अंडी हायत तिथं.”

“आणि पिल्लं निघाली तरी चार मजले खाली उतरणार कशी?” इंगळ्यांनी विचारलं.

“लिफ्ट दुरुस्त करा,” अण्णा म्हणाले.

सभा हसली आणि ठराव मंजूर झाला. ठरावाच्या बाजूनं मीही हात वर केला. छत माझं गळत होतं.

शनिवारी कंत्राटदाराची माणसं डांबराचे डबे घेऊन आली, जिना चढून वर गेली आणि तशीच खाली आली. गच्चीच्या दारावर पिवळा स्टिकर होता.

इंगळे भडकले. “अरे, त्या म्हाताऱ्याचा कागद आहे तो! काढून टाका आणि आत जा.”

“न्हाई साहेब,” त्यांच्यातला थोराड माणूस म्हणाला. “मी चाकणला लाइनवर हुतो. होल्डच्या मालाला हात लावला म्हणून माझ्या म्होरल्याला घरी बसवलं हुतं. ज्यानं लावला त्यालाच काढाया सांगा.”

चेअरमननी सहीशिक्क्यानिशी लावलेल्या नोटिसा आमच्याकडे कुणी वाचतसुद्धा नाही. पिवळ्या चौकोनापुढे मात्र सगळा कारखानी पट्टा हात मागं घेतो. माणसं सोमवारी पुन्हा येणार होती. तोवर अण्णांकडून स्टिकर काढून घेण्याची जबाबदारी सर्वानुमते माझ्यावर आली, कारण छत माझं.

रविवारी दुपारी मी अण्णांचं दार वाजवलं. कुणी उघडलं नाही. ते वर असणार हे ओळखून मी जिना चढलो. काय बोलायचं ते मनाशी नीट जुळवलं होतं, भिंतीला आलेल्या ओलीच्या मापासकट.

गच्चीवर उन्हानं डोळे उघडवेनात. कोपऱ्यात अण्णा उभे होते. डोक्यावर कंपनीचं पिवळं हेल्मेट, उजवा हात लांब ताणलेला, हातात उघडी छत्री. छत्रीची सगळी सावली खडीतल्या चार अंड्यांवर होती. अण्णांच्या वाट्याला तिची काडीही आली नव्हती. शर्ट घामानं पाठीला चिकटला होता. टिटवी टाकीच्या गळक्या नळाखाली साचलेल्या पाण्यात बसून पोट भिजवत होती.

“अण्णा, हे काय…”

“हळू बोला. दुसरा न्हाई परवापासनं.”

“दुसरा कोण?”

“हिचा जोडीदार. आलटून पालटून बसायची दोघं. त्यो गेला कुठं कुनास ठावं, घारीनं नेला का काय. आता ही एकटीच. ही पान्याला उठली की अंडी उघडी पडत्यात. हात ठिऊन बघा फरशीवर.”

मी हात ठेवला आणि लगेच काढला.

“कंपनीत रिलीव्हर आला न्हाई तर मशीन सोडता येत न्हाई,” अण्णा म्हणाले. “डबल करायची. मानूस एक डबल करंल, दोन करंल. ही किती करंल?”

टिटवी ओल्या पोटानं तुरुतुरु परत आली. अण्णांनी छत्री सावकाश मागं घेतली, ते चार पावलं सरकले, ती बसली. मी घसा साफ करून सोमवारचा विषय काढणार, तेवढ्यात अण्णांनी घड्याळ बघितलं आणि ते कावरेबावरे झाले.

“मला जायला पायजे. हिला भरवायचं ऱ्हायलंय.”

“टिटवीला भरवता तुम्ही?”

“टिटवीला न्हाई ओ,” अण्णा म्हणाले. “हिला. घरात.”

वहिनी आजारी असतात, एवढं मला माहीत होतं. म्हणजे काय, ते अण्णांनी आत्ता सांगितलं तेव्हा कळलं. अंगाची एक बाजू गेलेली, बोलणं गेलेलं, दीड वर्ष होऊन गेलं.

“कामाला एक बाई येत होत्या ना?”

“ती गावाकडं गेली. उन्हाळ्यात समदी जात्यात.”

“मग आता कोण बघतं?”

“मीच.”

“आणि रात्री?”

“रात्री दुसरा कोन येनार हाय?” ते हसले. “पोरगं गुजरातेत हाय, कंपनीत. येतं सणाला. त्याची बी शिफ्ट असती.” वारं कुठल्या दिशेचं आहे ते सांगावं तसं सांगितलं. मग खडीकडे बघत म्हणाले, “हितं आलो की खालचं ध्यान, खाली गेलो की हितलं. दोन मशीनी एकट्यानं चालवायच्या म्हंजे…”

घोरपडीपासून गारेपर्यंत अण्णांची सगळी मतं मला पाठ होती. त्यांच्या घरात काय चाललंय, हे मी जिन्यातून रोज येता-जाता एकदाही विचारलं नव्हतं.

“द्या ती छत्री,” मी म्हणालो.

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. संशयित माल हातात घेऊन फिरवून बघावा, तसं बघितलं. मग डोक्यावरचं हेल्मेट काढून माझ्या डोक्यावर ठेवलं आणि कंपनीत शिफ्ट बदलताना देतात तसा चार्ज दिला.

“चार नग. हात लावायचा न्हाई. ही उठली की छत्री धरायची, आली की मागं सरायचं. डोळ्यात बघायचं न्हाई, झेप घेती.” दारापर्यंत गेले, पुन्हा वळले. “आन् मी आल्याबिगर सोडायचं न्हाई.”

टिटवी दोनदा पाण्याला उठली, दोनदा मी छत्री धरली. तिसऱ्यांदा ती उठलीच नाही. पश्चिमेकडून आभाळ भरून आलं, धूळ उठली आणि पाठोपाठ टपोरे थेंब पडायला लागले. टिटवी पंख पसरून अंड्यांवर सपाट झाली. माझं काम खरं तर संपलं होतं, पण चार्ज घ्यायला अण्णा आले नव्हते. मी टाकीच्या आडोशाला उभा राहिलो.

फोन वाजला. मंगल होती. “अहो, बेडरूममध्ये गळायला लागलं! आहात कुठं?”

“गच्चीवर.”

“मग बघा की कुठून येतंय ते!”

“दिसतंय मला कुठून येतंय. तू बादली ठेव, आणि खाली अण्णांकडे जा जरा. वहिनींना भरवायला म्हणून गेलेत, अजून वर आले नाहीत.”

“वर म्हणजे? आणि अण्णा कशाला भरवतायत?”

“जा तर.”

पावसानं जोर धरला. बऱ्याच वेळानं पुन्हा फोन आला. या वेळी तिचा आवाज अगदी खाली होता.

“दार नुसतं लोटलेलं होतं. वहिनी जाग्या आहेत, माझा हात धरून ठेवलाय त्यांनी. जेवण अर्धंच झालंय. अण्णा खुर्चीत बसल्या बसल्या झोपलेत, हातात चमचा तसाच आहे. उठवू का?”

“नको,” मी म्हणालो. “चमचा हळूच काढून घे.”