मास्तरांचा भारी शब्द

इजिप्तमधल्या असयूत शहरातल्या निम्म्या डॉक्टरांना आपणच इंग्रजी शिकवलं, असं वदीअ मास्तर सांगत, आणि उरलेल्या निम्म्यांची प्रॅक्टिस का चालत नाही हेही सांगत. तेव्हा लेकीच्या लग्नाचा निरोप इंग्रजीत धाडायची वेळ आली, तशा त्यांनी बाह्या सरसावल्या.

नवरा मुलगा कायरलस. वडील इथलेच, पण ते कधीच वारले. पोरगा वाढला कॅनडात आणि तिथं त्याचा काइल झाला. त्याला अरबी येई ती फक्त जेवण मागण्यापुरती. त्याच्या कॅनेडियन आईला आणि मित्रांना तेवढीही येत नव्हती. मंडळी हॉटेलात उतरली होती. लग्न कुठं आहे, एवढंच त्यांना कळवायचं होतं.

"लिहा की, मार गिर्गिसचं चर्च," बायको इन्साफ म्हणाली.

"चर्च? अगं, चर्च शेंबडं पोरसुद्धा म्हणतं! प्रत्येक देवस्थानाला इंग्रजीत आपापला शब्द असतो. मुसलमानांची मॉस्क, यहुद्यांचं सिनॅगॉग, फेरोंचं टेंपल."

"आणि आपलं चर्च."

"त्यातही जाती आहेत! चॅपल म्हणजे देवळी. कॅथीड्रल म्हणावं तर बिशप लागतो." मास्तर येरझाऱ्या घालू लागले आणि एकदम थबकले. "लंडनला राजघराण्यातली लग्नं कुठं लागतात? ॲबीत! आपले मार गिर्गिस म्हणजे इंग्रजीत सेंट जॉर्ज. सेंट जॉर्ज ॲबी! वाचल्याबरोबर विहीणबाई ताठ बसतील."

"ॲबी म्हणजे चर्चच ना?"

"त्याच्याहून भारी!" मास्तर म्हणाले आणि निरोप धाडला.

लग्नाच्या दिवशी संध्याकाळी वऱ्हाडाच्या मिनीबसचा ड्रायव्हर रगब याने त्या इंग्रजी निरोपाचा अर्थ मोबाइलला विचारला. मोबाइलने प्रामाणिकपणे सांगितलं : मठ. मार गिर्गिसचा मठ रगबला पाठ होता. शहराबाहेर, डोंगराच्या कुशीत. त्याने गाडी तिकडे घातली.

इकडे चर्चच्या अंगणात ढोल दमले. मास्तरांची लेक इरिनी पांढऱ्या झग्यात, फुलांनी मढवलेल्या मोटारीत बसून होती. मोटार चर्चला फेऱ्या मारत होती, कारण नवऱ्याआधी नवरीने उतरणं बरं दिसत नाही. तेवढ्यात मागून दुसऱ्या लग्नाची वरात येऊन थडकली.

चर्चचे पाद्री अबूना सिदराक दाढी कुरवाळत बाहेर आले. "मास्तर, तुमचा नवरा कुठाय?"

मास्तरांनी फोन लावला.

"आम्ही ॲबीत पोचलो!" काइल आनंदाने ओरडला. "काय सुंदर जागा आहे! काळ्या कफनीतल्या एका आजोबांनी चहा दिलाय. बाकीचे कधी येणार?"

मास्तरांचा हात खाली आला. शेजारी इन्साफ उभी होती.

"काय म्हणतोय?"

"तो... मठात गेलाय."

हे वाक्य इन्साफच्या बहिणीने ऐकलं आणि छातीवर हात मारून घेतला. "अगं बाई! पोरगा मठात गेला!"

आमच्याकडे जवान पोरगा मठात गेला, तर त्याचा एकच अर्थ होतो. बातमी पायरीवरून अंगणात आणि अंगणातून रस्त्यावर गेली, आणि मोटारीपाशी पोचेस्तोवर तिला हातपाय फुटले होते.

"नवऱ्यानं संन्यास घेतला!"

"लग्नाच्या दिवशी?"

"देवाची हाक आली की वेळ बघते का!"

"दाढी वाढवत होता म्हणे. मला तेव्हाच शंका आली होती!"

ढोलवाल्याने टोपी काढली. दुसऱ्या वरातीतली एक म्हातारी खिडकीतून आत वाकली आणि इरिनीच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, "रडू नको पोरी. देवानं नेला, दुसरीनं तर नाही नेला!"

इरिनी रडणारी नव्हती. तिने झगा गुडघ्यापर्यंत उचलला, मोटारीतून उतरली आणि गर्दी चिरत बापासमोर उभी राहिली.

"बाबा, फोन."

मास्तरांनी मुकाट्याने दिला. पोरगी कडाडली, "काइल! चर्च! साधं चर्च! ड्रायव्हरला दे!" पुढचं अरबीत रगबला ऐकवलं. ते इथं सांगण्यासारखं नाही.

पण मठातून कुणी उपाशी निघत नसतं. साधूंनी उन्हात पीठ फुगवून भाजलेल्या भाकऱ्या आणि ऑलिव्ह पुढ्यात मांडले, तेव्हा कुठं गाडी हलली. तोवर अबूनांनी दुसरं लग्न लावून टाकलं. संन्याशी नवरा पाहायला ती वरातही थांबली. त्यामुळे काइल उतरला तेव्हा अंगणात दुप्पट माणसं होती, आणि अर्ध्यांनी तर त्याचे हात हातात घेऊन विचारलं, "मन का रे बदललंस?"

लग्न लागलं. विहीणबाई डोळे पुसत मास्तरांकडे आल्या. "तुम्ही किती विचार करून आम्हाला आधी तिकडे पाठवलंत! काइलच्या वडिलांचा बाप्तिस्मा तिथलाच, एका साधूबाबांनी त्यांचं घराणं ओळखलं. याबद्दल कसे आभार मानू?"

मास्तर छातीवर हात ठेवून लवले. "मला वाटलंच, तुम्हाला आवडेल."

"काय म्हणतायत त्या?" इन्साफने संशयाने विचारलं.

"माझ्या इंग्रजीचं कौतुक करतायत."

जेवण नाईलवरच्या बोटीत होतं. रगबने पत्ता विचारला तसे मास्तर सावरले, खिशातून मोबाइल काढला आणि पुटपुटले, "बोट... फारच किरकोळ शब्द आहे..."

मान वर करतात तो नवरी झग्यासकट रगबच्या शेजारच्या सीटवर चढून बसली होती, रस्ता दाखवायला.